वाचक विचारतात : खाऱ्या पाण्यातला नवा मासा पंधरवडाही का काढत नाही?

खाऱ्या पाण्याच्या टाकीविषयी आलेल्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून दिसते : जुने मासे ठणठणीत, नवा आणला की जातो. म्हणून या अंकात फक्त नव्या माशांविषयीची पत्रं घेतली आहेत. काही पत्रं जागेअभावी आटोपती केली आहेत. खारेपणाचे १.०२६ सारखे आकडे विशिष्ट गुरुत्वाचे, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत ते पाणी किती जड याचे आहेत.

प्रश्न : माझी २०० लिटरची टाकी आठ महिने चालू आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएम, खारेपणा १.०२६. दोन डॅमसेल मासे पहिल्यापासून मजेत आहेत. चेन्नईहून कुरिअरने मागवलेले तीन मासे मात्र दोन-तीन दिवसांत गेले. दर वेळी पिशवी उघडून बादलीत ओतली, हवेची नळी सोडली आणि दोन तास थेंबथेंब टाकीचं पाणी घातलं. कुठे चुकतं आहे? (ठाणे)

उत्तर : त्या दोन तासांतच. थेंबथेंब पाणी घालण्याची पद्धत गावातल्या दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशासाठी ठीक आहे. वीस-चोवीस तास बंद पिशवीत राहिलेल्या माशाला तीच पद्धत मारते.

बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पाण्याचा पीएच ७ च्या आसपास, कधी त्याच्याही खाली येतो. त्याच पाण्यात माशाचा अमोनियाही साठतो, पण कमी पीएचला तो जवळजवळ सगळा अमोनियम या कमी विषारी रूपात असतो. म्हणून मासा प्रवास सोसतो. तुम्ही पिशवी उघडता, वर हवा सोडता; कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांत उडून जातो, पीएच चढतो, आणि वरून ८.२ पीएचचं टाकीचं पाणी पडत राहतं. अमोनिया तेवढाच असतो, पण त्यातला विषारी मुक्त अमोनिया दहा पटींहून जास्त वाढतो. मासा त्यात दोन तास बसतो आणि त्याचे कल्ले भाजून निघतात. लगेच मेला नाही तरी दुसऱ्या दिवशी धापा टाकत तळाशी पडतो.

दुसरी गोष्ट खारेपणाची, आणि आमच्या मते ती जास्त मासे मारते. बरेच विक्रेते पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. मीठ कमी लागतं, आणि त्यामुळे परजीवी दबतात असा समज आहे (एवढ्या खारेपणाला ते मरत नाहीत). समुद्री माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतात. त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर खेचलं जातं, म्हणून तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हे काम वाढवायला कल्ल्यांना काही दिवस लागतात. दोन तासांत १.०१८ वरून १.०२६ वर नेलेला मासा पाण्यात असूनही शोष पडून मरतो, बहुधा एक ते तीन दिवसांत, आणि अंगावर काहीच खूण नसते. उलट दिशेने, म्हणजे जास्त खाऱ्यातून कमी खाऱ्यात, तो बऱ्यापैकी सहज जातो.

म्हणून मासा पाण्याला जुळवण्याऐवजी पाणी माशाला जुळवा. ऑर्डर देतानाच विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा खारेपणा विचारा. क्वारंटाइनची वेगळी टाकी त्याच आकड्यावर तयार ठेवा, फरक ०.००१, फार तर ०.००२. पार्सल आलं की खोलीतले दिवे मंद करा आणि पिशवी न उघडता वीस मिनिटं त्या टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी कापा, दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घेऊन खारेपणा खरंच तेवढा आहे का बघा, नसेल तर टाकीच्या पाण्यात गोडं किंवा खारं पाणी घालून तो पटकन जुळवा, आणि मासा लगेच टाकीत सोडा. पिशवीचं पाणी मोरीत. पिशवी उघडल्यापासून मासा टाकीत जाईपर्यंत पाच मिनिटांहून जास्त वेळ जाऊ नये. एंजल आणि सर्जन माशांचे काटे जाळीत अडकतात, म्हणून जाळीऐवजी प्लॅस्टिकचा डबा वापरा.

मग खारेपणा रोज ०.००१ ने वाढवायचा, मासा नीट खात असेल तर ०.००२ ने. नवं पाणी १.०३० चं बनवून ठेवा. ५० लिटरच्या टाकीत १.०१८ वरून १.०१९ वर जायला सव्वाचार लिटर काढून तेवढंच हे पाणी घालावं लागतं; पुढे रोज थोडं जास्त लागत जातं आणि १.०२४ वरून १.०२५ ला जाताना सव्वाआठ लिटर. आठवडाभर रोज पाणी बदललं गेल्याने नव्या टाकीतला अमोनियाही आपोआप आटोक्यात राहतो.

तुमचा १.०२६ हा आकडा कशावर मोजला ते पत्रात नाही. झुलत्या काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे आकडा वर दाखवतात. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्याला नव्हे, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावणावर जुळवा. शून्याला बरोबर असलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकीचा निघाल्याचं सर्रास दिसतं.

मासा किती दिवसांनी गेला यावरूनही बरंच कळतं. पहिल्या चोवीस तासांत गेला तर अमोनिया, तापमान किंवा ऑक्सिजन. एक ते तीन दिवसांत गेला तर खारेपणा. चौथ्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत परजीवी. त्यानंतर झुरत गेला तर उपासमार. अर्थात हे ढोबळ झालं. एकाच माशाला दोन कारणं भोवलेली असतात.

प्रश्न : नव्या टँगच्या (सर्जन माशाच्या) अंगावर तिसऱ्या दिवशी साखरेच्या दाण्यांएवढे पांढरे ठिपके आले. दुकानदार म्हणाले, पाणी बदलल्याचा ताण आहे, आपोआप जाईल. दोन दिवसांत खरंच गेले! पण चौदाव्या दिवशी दुपटीने आले आणि आता क्लाउनलाही दिसताहेत. तापमान ३० वर नेलं आहे, खाण्यात लसूण देत आहे. (नागपूर)

उत्तर : हा क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे समुद्री इच. ठिपके ‘गेले’ ते बरं वाटून नव्हे. हा परजीवी माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस पोसतो, मग स्वतःहून गळून पडतो, वाळूवर किंवा खडकावर कवच करून आत शेकड्याने विभागतो. काही कवचं तीन-चार दिवसांत फुटतात, काही महिन्याने, थंड पाण्यात त्याहूनही उशिरा. बाहेर पडलेल्या पिलांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. २०० लिटरच्या टाकीत मासा सापडणं काय अवघड! म्हणून दुसरी लाट नेहमी पहिलीहून मोठी असते. नव्या माशाच्या अंगावरचे ठिपके नाहीसे झाले त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकू नका, खाली सांगितलेले टब बाहेर काढा.

तापमान पुन्हा २६ वर आणा. गोड्या पाण्याच्या इचवर चालणारा हा उपाय इथे लागू नाही; उलट ३० अंशांना पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि परजीवीचं चक्र वेगाने फिरतं. लसूण फोडणीत घाला. माशाला त्याने भूक लागली तर लागली, परजीवी मरत नाही.

खात्रीचा आणि औषधाशिवायचा उपाय म्हणजे टब बदलण्याचा. २५-३० लिटरचे दोन एकसारखे टब, दोन एअर स्टोन, दोन हीटर, दोन-दोन पीव्हीसीचे तुकडे. पहिल्या दिवशी मासा पहिल्या टबात. चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी त्याला ताज्या पाण्याच्या दुसऱ्या टबात हलवायचं. दोन बदलांमध्ये ७२ तासांहून जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही, कारण गळून पडलेली कवचं फुटण्याआधी मासा तिथून निघालेला हवा. हलवताना जुनं पाणी सोबत जाता कामा नये. चाळणीत घेऊन निथळू द्या आणि सोडा. रिकामा टब, नळी, हीटर, पाइप सगळं धुऊन किमान चोवीस तास कोरडं करा. नागपूरच्या उन्हाचा इथे उपयोग आहे. दोन्ही टबांचं पाणी तापमान आणि खारेपणाने तंतोतंत सारखं हवं. फिल्टर लागत नाही, पण तिसऱ्या दिवशी अमोनिया मोजा; जास्त भरला तर दोन दिवसांनीच हलवा.

सगळेच मासे बाहेर काढावे लागतील, ठिपके असोत वा नसोत. मुख्य टाकी माशांविना ठेवायची; कोळंबी, शंख, साफसफाईचे खेकडे तिथेच राहू शकतात. सुरक्षित मुदत ७६ दिवस. पाणी सातत्याने २७ अंशांवर असेल तर ४५ दिवसांवर भागवणारे अनुभवी लोक आहेत, पण पहिल्यांदा करणाऱ्याने मोठाच आकडा धरावा. या मुदतीत दुसऱ्या टाकीतली ओली जाळी किंवा मापाचा मग चुकून जरी बुडवला तरी मोजणी पहिल्यापासून सुरू.

एक इशारा. ठिपके साखरेच्या दाण्यांएवढे नसून पिठाच्या धुळीसारखे बारीक असतील, मासा पंपाच्या झोतात तोंड धरून उभा असेल, श्वास मिनिटाला शंभराच्या पुढे गेला असेल, तर तो इच नव्हे, वेल्वेट. त्याचं शास्त्रीय नाव ॲमिलूडिनियम. तो कल्ल्यांवर आधी बसतो, त्यामुळे कातडीवर काही दिसण्याआधीच मासा जाऊ शकतो. त्याला टब बदलणं पुरत नाही, तांबं (पाण्यात घालायचं तांब्याचं औषध) लागतं, आणि त्याच दिवशी लागतं.

प्रश्न : क्वारंटाइन टाकी खरंच हवी का? दोन खोल्यांच्या घरात दुसरी टाकी कुठे ठेवणार? आणि कमीत कमी काय लागेल? (पुणे)

उत्तर : हवी. वरचं पत्र वाचलंत तर ७६ दिवस रिकाम्या टाकीकडे बघत बसण्यापेक्षा महिनाभर पलंगाखालून काढलेला टब परवडतो हे पटेल. ती कायमची मांडून ठेवायची नाही. मासा घ्यायचा ठरला की उभी करायची, काम झालं की वाळवून ठेवायची.

५० लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिक क्रेट चालतो, दोन इंच लांबीच्या क्लाउन किंवा गोबीला तो पुरतो. १०० वॉटचा हीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि टी. वाळू नाही, खडक नाही, कारण दोन्ही तांबं शोषतात आणि मात्रा कधीच टिकत नाही. जाळीचं झाकण मात्र हवंच. फायरफिश, रास आणि गोबी हे मासे पहिल्याच रात्री उडी मारतात, आणि सकाळी फरशीवर सापडतात.

खरी तयारी स्पंजची. तो मासा आणायच्या आधी तीन-चार आठवडे मुख्य टाकीच्या संपमध्ये (टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) टाकून ठेवा, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू त्यावर बसतात. कोरा स्पंज लावून मासा सोडला तर तिसऱ्या दिवशी अमोनिया चढतो आणि दोष औषधाला जातो. मुख्य टाकीत आजार चालू असेल तर तिथला स्पंज अर्थातच घ्यायचा नाही.

औषध सुरुवातीपासून द्यायचं की नुसतं बघत राहायचं, यावर जाणकारांत दोन तट आहेत. आमचं मत असं : एकाच माशाला, त्याच्याच टबात, चार आठवडे डोळ्यांत तेल घालून बघणार असाल तर नुसतं निरीक्षण चालेल. कामावर बारा तास बाहेर असाल तर तांबं द्या, कारण वेल्वेट तुम्ही घरी येईपर्यंत थांबत नाही.

तांबं चिलेटेड प्रकारचं, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधलेलं घ्या. बहुतेकांची परिणामकारक मात्रा २ ते २.५ पीपीएम असते, तरी बाटलीवरचा आकडाच प्रमाण. तिथपर्यंत दोन ते चार दिवसांत पोहोचायचं आणि ३० दिवस ती टिकवायची. एकदा जरी मात्रा खाली गेली तर दिवस पुन्हा मोजायचे. म्हणून पाणी बदलताना नवं पाणी आधीच त्याच मात्रेचं करून घाला. टेस्ट किट चिलेटेड तांबं वाचणारा आहे ना हे विकत घेतानाच पाहा. आयनिक, म्हणजे मोकळ्या तांब्याचा किट भलताच आकडा देतो. ॲक्टिव्हेटेड कार्बन काढून ठेवा. अमोनिया बांधणारी द्रवं तांब्यासोबत वापरू नका. त्यातली काही तांब्याला जास्त विषारी रूपात सोडतात. अमोनिया वाढला तर पाणी बदलणं हाच मार्ग. तांबं पडलेला क्रेट, स्पंज, नळी पुढे कोळंबी किंवा शंखांच्या टाकीत कधीच नको. मँडरिनला तांबं देऊ नये.

कृषी सेवा केंद्रातलं मोरचूद विरघळवून टाकल्याचं दोघा-तिघांनी कळवलं आहे. मोरचूद म्हणजे आयनिक तांबं. त्याची उपचाराची मात्रा ०.१५ ते ०.२ पीपीएम इतकी चिमूटभर, वर थोडं गेलं की मासा मरतो आणि खाऱ्या पाण्यात ते साका धरून खाली बसतं म्हणून दिवसातून दोनदा मोजावं लागतं. शेतीच्या पुडीची शुद्धता तर कोणी सांगत नाही. नको.

चपटे कृमी, म्हणजे फ्लूक, तांब्याने मरत नाहीत. मासा अंग घासत असेल, डोळे धुरकट असतील तर प्राझिक्वांटेल लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा एकदा, कारण अंडी पहिल्या वेळी वाचतात. याने पाण्यातला ऑक्सिजन घटतो, हवा जोरात ठेवा.

प्रश्न : समुद्रातून पकडलेल्या क्लाउनच्या जोडीच्या अंगावर दुसऱ्या दिवशी शेंबडासारखे पांढरे पापुद्रे आले. तांबं दिलं, तरी ३६ तासांत दोघं गेले. (दादर, मुंबई)

उत्तर : वर्णन ब्रुकलिनेला या परजीवीचं आहे. समुद्रातून आणलेल्या क्लाउनचा हा जुना वैरी, आणि तांब्याला तो दाद देत नाही. त्याला फॉर्मॅलिनची अंघोळ लागते : ३७ टक्क्यांचं फॉर्मॅलिन लिटरला ०.१५ मिलिलिटर, वेगळ्या बादलीत, जोरदार हवा सोडून, ३० ते ४५ मिनिटं. मासा कलंडू लागला तर लगेच बाहेर काढा. अंघोळीनंतर तो जुन्या टबात परत न जाता स्वच्छ टबात जायला हवा. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती फेकून द्या, ते माशांना घातक असतं. फॉर्मॅलिन माणसालाही घातक आहे, कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, घरात लहान मूल असेल तर ही बाटली घरात आणूच नका.

त्यापेक्षा पैदाशीच्या केंद्रातले क्लाउन घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवून बरीच वर्षं झाली. ही पिल्लं टाकीतच वाढलेली असतात, गोळी खातात, आणि ब्रुकलिनेला त्यांच्यात क्वचित दिसतो.

प्रश्न : आम्ही किनाऱ्यापासून दहा मिनिटांवर राहतो. भाट्याच्या किनाऱ्यावरून पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल. चालेल का? तिथले छोटे मासे आणि खडकही आणावेत का? (रत्नागिरी)

उत्तर : पाणी चालेल, पण भाट्याचं नको. ती जागा खाडीच्या मुखाशी आहे; ओहोटीला नदीचं पाणी समुद्रात येतं आणि खारेपणा तासातासाला बदलतो. खाडीपासून दूर, उघड्या खडकाळ किनाऱ्यावर, पूर्ण भरतीच्या वेळी पाणी भरा. जून ते सप्टेंबर अजिबात नको : गाळ, शेतातून वाहून आलेली खतं आणि औषधं, आणि कमालीचा घटलेला खारेपणा. पावसाळा सरल्यावरही महिनाभर थांबलेलं बरं. बंदर आणि जेट्टीच्या आसपास डिझेलचा तवंग असतो. मुंबईकरांनी तर आपल्या किनाऱ्याचा विचारच सोडून द्यावा.

आणलेलं पाणी दाट कापडातून गाळून, खाण्यायोग्य प्लॅस्टिकच्या झाकणाच्या ड्रममध्ये, अंधारात दोन-तीन आठवडे ठेवा. प्लवक मरून खाली बसतात. वरचं निवळ पाणी काढून दिवसभर हवा द्या, खारेपणा आणि अमोनिया मोजा, मगच वापरा. मीठ विकत घेऊन बनवायचं असेल तर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, पंप लावून हलवत ठेवून दुसऱ्या दिवशी.

प्रवाळ आणि समुद्री घोडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ते पकडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे, आणि मेलेलं प्रवाळही त्यातून सुटत नाही. ज्या खडकावर प्रवाळाची वस्ती आहे तो उचलू नका. भरती-ओहोटीच्या डबक्यातले मासे दणकट दिसतात, पण परजीवी त्यांच्याही अंगावर असतात; क्वारंटाइन त्यांनाही तेवढंच.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये पाणी ३३ अंशांवर जातं आणि वीज दोन-दोन तास नसते. जुने मासे तगतात, नवे नाही. (सोलापूर)

उत्तर : जुन्यांना सवय झालेली असते, नवा आधीच दमलेला असतो. समुद्राच्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो : २७ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात साडेसहा. ३२-३३ अंशांना तो सहावर येतो, आणि माशाची गरज मात्र वाढलेली असते. वीज गेली की खडकांतले जिवाणूही त्यातूनच घेतात.

तुमच्याकडे हवा कोरडी आहे, ही जमेची बाजू. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका झोत येईल असे दोन छोटे पंखे लावले तर तापमान दोन ते चार अंश उतरतं. मुंबईच्या दमट हवेत याच्या निम्मंही उतरत नाही. बदल्यात पाणी भराभर उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भरपाई आरओच्या गोड्या पाण्याने, दिवसातून दोनदा, आणि टाकीवर पातळीची खूण करून. बर्फाच्या बाटल्या सोडायच्या तर एकावेळी एक, तासाला एका अंशाहून जास्त उतरू नये. वीज जाण्यासाठी बॅटरीचा एअर पंप ठेवा, वीज गेली की आपोआप सुरू होणारा मिळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर टाकीचा एकच प्रवाहपंप टाका, झोत पृष्ठभाग घुसळेल असा. हीटर आणि दिवे नकोत.

चिलर नसेल तर मार्च ते जूनमध्ये मासा मागवू नका. तो टाकीत येण्याआधी ट्रकमध्ये आणि गोदामात उकडलेला असतो.

प्रश्न : कॉपरबँड बटरफ्लाय आठ दिवस काही खात नाही. बाजारातली कोळंबी, सुकट, ब्लडवर्म सगळं देऊन पाहिलं. मँडरिनही बारीक होत चालला आहे. (पणजी)

उत्तर : सुकट बाद, तिचा वास त्याला परका, आणि जुनी झाली की तेल खवट होतं. ब्लडवर्म गोड्या पाण्यातला, एखाद वेळी भूक उघडायला ठीक. कोळंबी बर्फ आणि परिरक्षक लागलेली असू शकते. चालते, पण धुऊन, आणि तोंडात मावेल इतकी बारीक चिरून. कॉपरबँडचं तोंड चिमट्यासारखं लांबुडकं असतं, ते मोठा तुकडा उचलूच शकत नाही.

तुमच्या गावात याचं उत्तर मासळीबाजारातच आहे : जिवंत तिसऱ्या. धुऊन दोन-तीन दिवस गोठवा, मग अर्धा शिंपला मांसासकट खडकाच्या फटीत उभा टोचून ठेवा. समुद्रात तो फटींमधूनच टोचून खातो. पंप दहा मिनिटं बंद, खोलीत कोणी नाही. खाल्लं की दुसऱ्या आठवड्यात त्याच शिंपल्यावर गोठवलेले मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव) पसरा, हळूहळू शिंपला काढा. तासाभराने उरलेलं उचला, नाहीतर अमोनिया. नुसत्या तिसऱ्यांवर ठेवू नका. काही शिंपल्यांतल्या आणि कोळंबीतल्या थायमिनेजमुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि महिन्या-दोन महिन्यांत मासा अशक्त होतो.

मँडरिनचं कठीण आहे. तो दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपत असतो आणि नव्या टाकीत ते पुरत नाहीत. घरी उबवलेली आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जीवाची) पिल्लं दिवसातून तीन-चारदा, पिपेटने त्याच्या तोंडापुढे, एवढं जमत असेल तर वाचेल. नाहीतर जिथे वर्षाहून जुनी, मोठी, भरपूर खडकांची टाकी आहे अशा मित्राला द्या.

प्रश्न : जुने दोन डॅमसेल प्रत्येक नव्या माशाचे पर फाडतात. (नाशिक)

उत्तर : डॅमसेल पहिले घेतले, हेच कारण. ते सगळ्यांत शेवटी घ्यायचे असतात, घ्यायचेच तर. नव्या माशाला छिद्रं असलेल्या पारदर्शक डब्यात तीन ते पाच दिवस त्याच टाकीत ठेवा. डॅमसेल काचेवर आपटून कंटाळले, की संध्याकाळी दिवे विझवून सोडा. सोडण्याआधी खडकांची मांडणी मोडा, म्हणजे जुन्यांचीही हद्द पुसली जाते. तरी भागलं नाही तर डॅमसेलला पकडून आठवडाभर संपमध्ये टाका. परतल्यावर नवखा तो ठरतो.

प्रश्न : नवा मासा दहा दिवस छान खात होता. ठिपके नाहीत, श्वास ठीक, पाणी ठीक. अकराव्या दिवशी सकाळी मेलेला. (कल्याण)

उत्तर : इंडोनेशिया-फिलिपिन्सकडचा मासा असेल तर सायनाइडने पकडलेला असण्याची शक्यता धरावी लागते. खडकांत सायनाइडचं पाणी फवारून गुंगलेले मासे वेचायचे, असा तो प्रकार; तिथे बंदी आहे, तरी चालतो. असा मासा खातो-पितो आणि एक-दोन आठवड्यांनी अचानक जातो. नुसतं बघून ओळखता येत नाही. उपाय एकच : दुकानात मासा पसंत करा, अनामत द्या, आणि तो पंधरा दिवस तिथेच ठेवायला सांगा. नेताना पुन्हा तुमच्यासमोर खाऊ घालायला लावा. जो दुकानदार यालाच नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

प्रश्न : घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का? टीडीएस (विरघळलेले क्षार) ४५ दाखवतो. (कोल्हापूर)

उत्तर : चालणार नाही. घरगुती यंत्रात चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी मिसळणारा टीडीएसचा व्हॉल्व्ह किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, आणि ते ४५ तिथून येतात. त्यांत नायट्रेट, फॉस्फेट, पितळी जोडांतलं तांबं काय किती आहे हे मीटर सांगत नाही. मेम्ब्रेननंतर लगेच, त्या व्हॉल्व्ह आणि कार्ट्रिजच्या आधी, टी जोडून वेगळी नळी काढा आणि तिला उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचं कार्ट्रिज लावा. बाहेर येणारं पाणी शून्य दाखवायला हवं. दोन-तीन दिसू लागलं की रेझिन बदला.